गंडीकोटाला दोन सकाळी द्या

प्रश्न: ताई, आम्ही पाच जण दहावीच्या एकाच बॅचचे, आता सगळे पंचेचाळिशीत. डिसेंबरात सहा दिवस काढून गाडीने आंध्रातल्या गंडीकोटाला जायचं ठरवलंय, त्या दरीचे फोटो बघून सगळे वेडे झालेत. पण ग्रुपवर रोज एक ठिकाण वाढतंय, बदामी, हंपी, बेलमच्या गुहा, आणि आता एक जण म्हणतो एवढं जातोय तर तिरुपती करूनच येऊया. ड्रायव्हिंग करणारे तिघे आहेत म्हणून रात्रीपण गाडी मारू म्हणतात. शिवाय एकाला उंचीची भीती आहे, तो म्हणतो मी गाडीतच बसून राहीन. काय करावं?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर: पहिलं सांगते, तिरुपती काढा. गंडीकोटाहून एका बाजूचेच दोनशेच्या वर किलोमीटर होतात, त्यात दर्शनाला किती वेळ लागेल ते कुणाच्याच हातात नसतं, म्हणजे सहातले दोन दिवस तिथेच गेले. तिथे घरच्यांना घेऊन वेगळे जा. हंपीचंही मन घट्ट करून तेच म्हणेन, ती अर्ध्या दिवसात उरकायची जागाच नाही, होस्पेटला फक्त मुक्काम करा आणि पुढे निघा.

आम्ही सावंतवाडीहून गेलो होतो तेव्हा हीच चूक केली. सगळं बघायच्या नादात गंडीकोटाला पोचलो तर काळोख पडत आलेला, सकाळी नेमकं ढगाळ, आणि दहाला निघायचं ठरलेलं. एवढं लांब जाऊन दरी नीट उजेडात बघितलीच नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं. मग पुढच्या वर्षी परत गेलो, दोन रात्री राहिलो, तेव्हा कळलं ती जागा काय आहे. सहाच्या आधी कड्याजवळ जाऊन बसायचं. आधी वरच्या दगडांची नुसती धार तांबडी होते, मग तो उजेड एकेक थर उतरत खाली येतो, आणि तळाला पेन्ना नदी मात्र बराच वेळ सावलीतच, हिरवट काळी, जणू हलतच नाही. पाऊण तास आमच्यात कोणी एक शब्द बोललं नाही.

तेलुगूत गंडी म्हणजे घळ आणि कोटा म्हणजे किल्ला. लांबून आपल्या कोकणी डोळ्यांना ती चिरेखाणीची भिंतच वाटते, तसाच रंग. पण हात लावून बघा. आपला जांभा भोकाभोकांचा, खरखरीत, खाणीतून काढताना मऊ आणि हवा लागली की कडक होणारा. तिथला दगड वाळूचे कण घट्ट बसून झालेला, थरांचा, शंभर कोटी वर्षांहून जुना, आणि त्याचे मोठमोठे चौकोनी ठोकळे कोणीतरी रचून ठेवल्यासारखे कड्यावर पडलेत. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्याच्यापुढे पोरच.

रस्ता असा धरा. पहाटे कुडाळहून निघून आंबोली घाट, बेळगाव आणि संध्याकाळी बदामी. दुसऱ्या दिवशी सकाळी बदामीची लेणी, तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८ चा शिलालेख आहे तो चुकवू नका, दुपारनंतर होस्पेट. तिसऱ्या दिवशी बल्लारी, गुत्ती, ताडिपत्री, जम्मलमडुगू करत गंडीकोटा, हे अडीचशेच्या आसपास होतात. आंध्रात पेट्रोल महाग आहे, टाकी बल्लारीतच फुल करा. येताना हुबळीला एक मुक्काम. रात्री गाडी अजिबात नको, ड्रायव्हर तीन असले तरी झोप तिघांनाही येतेच, आणि अनोळखी रस्त्यावर बिनलाइटचा ट्रॅक्टर कधी पुढ्यात येईल सांगता येत नाही.

आता तुमच्या मित्राबद्दल, आणि हे मी कळकळीने सांगते. त्याला ओढू नका. कड्याला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, भीती वाटणारा माणूस काही चुकीचं वागत नाहीये. आमच्यातल्या एकाला हसत हसत दंडाला धरून फोटोसाठी पुढे नेला, तो घामाने भिजला आणि दिवसभर कुणाशी नीट बोलला नाही, तो फोटो आम्ही नंतर डिलीट केला. त्याला गाडीतही ठेवू नका. किल्ल्यात माधवराय मंदिराचं गोपुर आहे, दोन मिनारांची जामा मशीद आहे, मोठं धान्याचं कोठार आहे, सकाळचा उजेड या भिंतींवरही पडतो. कोणीतरी एकाने आळीपाळीने त्याच्यासोबत थांबायचं, एवढं आधीच ठरवून टाका.

चौथ्या दिवशी मधल्या वेळात बेलम गुहा करा, साठेक किलोमीटरवर आहेत. सव्वातीन किलोमीटर लांबीच्या गुहा आहेत, त्यातला दीडेक किलोमीटर बघायला खुला आहे. आत घाम निथळतो, हवा बाहेरून सोडतात, पातळ सुती कपडे घाला. आणि तिथल्या भिंतीवरून हात फिरवा, काळा चुनखडीचा दगड आहे. आपल्या घरोघरी ओट्यावर जो कडप्पा असतो ना, ज्याच्यावर आपण रोज मासे साफ करतो, नारळ फोडतो, तो याच मुलखातला. मी तीस वर्षं तो शब्द वापरत होते आणि तो गावाच्या नावावरून आलाय हे तिकडे जाईपर्यंत डोक्यात आलं नव्हतं.

जेवणाची काळजी नको. बदामीत जोंधळ्याची भाकरी मिळेल, पुढे रागी संगटी मागा, नाचणी आणि भाताचा गरम गोळा, सोबत गावठी कोंबडीचा झणझणीत रस्सा, वडे-कोंबडी खाणाऱ्याला तो लगेच आपलासा वाटतो.

गंडीकोटाला आंध्र पर्यटनाचं हरिता हॉटेल आहे. डिसेंबरात शनिवार-रविवारी गर्दी होते, म्हणून रूम आत्ताच बुक करा, आणि ग्रुपवर विचारत बसू नका, दोन रात्रींचीच करा.