कातळावर कलमं : खड्डा की टाकी?

प्रश्न : रत्नागिरी तालुक्यात आमचा सडा, म्हणजे कातळाचं पठार आहे. वर जेमतेम वीतभर माती, खाली जांभा दगड. दोन वर्षांपूर्वी दीड फुटी खड्ड्यांत हापूसची कलमं लावली. पावसाळ्यात पानं पिवळी पडली, निम्मी मेली. माती कमी पडली का?

उत्तर : माती कमी पडलीच, पण पानं पावसात पिवळी पडली म्हणजे मुळं गुदमरली. अखंड कातळातला खड्डा म्हणजे टाकीच. त्यात पाणी साचतं, मुळं कुजतात.

आता उन्हाळ्यात ब्रेकर लावून १ × १ × १ मीटरचे खड्डे काढा. भरण्याआधी चार-पाच बादल्या पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल, तर उताराकडची कड तळापर्यंत फोडून चर काढा. तो चर चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) तुकड्यांनी भरा, मातीने नको, नाहीतर पुन्हा बुजतो. चर निघत नसेल तर ती जागा सोडलेली बरी.

मे अखेर खड्डा भरा : बाहेरून आणलेली चांगली माती, ४-५ घमेली कुजलेलं शेणखत, २ किलो सिंगल सुपर फॉस्फेट. शेणखत कच्चं असेल तर वाळवी आलीच. पहिल्या पावसात माती बसते, म्हणून वर वीतभर उंचवटा ठेवा. लावताना कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या. दिवाळीनंतर बुंध्याभोवती गवताचं जाड आच्छादन आणि दक्षिण-पश्चिमेला झापाचा (विणलेल्या झावळ्यांचा) आडोसा करा. तापलेला कातळ कोवळी साल भाजून काढतो.