बाल्डर्स गेटचे जुने भाग: कोणती आवृत्ती घ्यायची, कुठून सुरू करायचं

तुम्ही विचारलंय की बाल्डर्स गेट या कॉम्प्युटर गेमच्या मालिकेचा तिसरा भाग संपवला, आता जुने खेळायचेत. पण 'एन्हान्स्ड एडिशन', 'सीज ऑफ ड्रॅगनस्पीअर', 'डार्क अलायन्स' अशी नावं पाहून नेमकं काय घ्यायचं ते कळत नाही. आणि पहिला भाग फारच जुना वाटला तर थेट दुसरा सुरू केला तर चालेल का?

पहिल्यापासूनच सुरू करा, आणि दोन्ही जुन्या भागांची एन्हान्स्ड एडिशन, म्हणजे सुधारित आवृत्तीच घ्या. 'डार्क अलायन्स' सोडून द्या. तो २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर आलेला मारधाडीचा वेगळा गेम आहे, त्याची कथा वेगळी आणि खेळायची पद्धतही वेगळी.

ही नावांची गर्दी का झाली हे कळलं की निवड सोपी होते. पहिला भाग डिसेंबर १९९८ मध्ये आला. बनवला कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअरने, बाजारात आणला इंटरप्लेने. बायोवेअर तेव्हा अगदी नवी कंपनी होती. रे मुझिका आणि ग्रेग झेशुक हे तिचे संस्थापक पेशाने डॉक्टर. गेम पाच सीडींवर यायचा, आणि याचं मोठं कारण म्हणजे त्याचे नकाशे. जमिनीचे तेच ते चौकोन जोडून नकाशा बनवायची तेव्हाची सोपी रीत होती. बायोवेअरने ती सोडली आणि प्रत्येक ठिकाणाचं एक अखंड चित्र तयार केलं. म्हणून खेळातलं कँडलकीपचं आवार असो की नाश्केलची खाण, एका जागेची भिंत दुसऱ्या जागी सहसा पुन्हा दिसत नाही. इतक्या वर्षांनंतरही हे नकाशे बघत राहावेसे वाटतात.

१९९९ मध्ये 'टेल्स ऑफ द सोर्ड कोस्ट' हा जोडभाग आला, २००० च्या सप्टेंबरमध्ये दुसरा भाग 'शॅडोज ऑफ आम्न', आणि २००१ मध्ये कथेचा शेवट करणारा 'थ्रोन ऑफ भाल'. तिथे बायोवेअरपुरती गोष्ट संपली. इंटरप्लेच्या ब्लॅक आइल विभागात याच नावाचा तिसरा गेम बनत होता, पण ज्याच्या नियमांवर ही मालिका उभी आहे त्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळाचे हक्क हातचे गेले आणि २००३ मध्ये तो रद्द झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्लॅक आइलही बंद पडलं. त्यानंतर जवळजवळ दशकभर या मालिकेला जिवंत ठेवलं ते मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या फाइली, बनवणाऱ्यांनी. पहिला भाग दुसऱ्याच्या सुधारलेल्या इंजिनात चालवायची सोय त्यांनी करून दिली, शेकडो बग काढले, आणि या कामाचे पैसे त्यांना कुणी दिले नाहीत. आज आपण जे आरामात खेळतो त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

एन्हान्स्ड एडिशन आली नोव्हेंबर २०१२ मध्ये. करणारे ट्रेंट ऑस्टर आणि कॅमेरॉन टोफर, दोघेही पूर्वी बायोवेअरमध्येच होते, कंपनी बीमडॉग. त्यांना चित्रं आजच्या पडद्यांसाठी नव्याने काढायची होती, पण ज्यांवरून ते नकाशे तयार झाले होते त्या मूळ त्रिमितीय फाइलीच मिळाल्या नाहीत. त्यामुळे चित्रं तीच राहिली आणि काम झालं ते भोवतालचं: रुंद पडदा, झूम, दुसऱ्या भागातले पात्रांचे जादा प्रकार, आणि भरपूर दुरुस्त्या. २०१३ च्या जूनमध्ये प्रकाशक भागीदाराशी झालेल्या वादामुळे ती विक्रीतून काढावी लागली, ऑगस्टमध्ये परत आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या भागाचीही अशी आवृत्ती निघाली. 'टेल्स ऑफ द सोर्ड कोस्ट' पहिल्यात आणि 'थ्रोन ऑफ भाल' दुसऱ्यात आधीपासूनच घातलेले आहेत, वेगळे शोधू नका.

'सीज ऑफ ड्रॅगनस्पीअर' मात्र वेगळा विकत मिळतो. तो २०१६ चा, बीमडॉगने स्वतः रचलेला, दोन भागांमधल्या काळातला. लढाया चांगल्या आहेत, मोठ्या आहेत. पण पहिल्या खेपेला तो नसला तरी कथेत काहीही अडत नाही, पैसे वाचवायचे असतील तर इथे वाचवा.

आता थेट दुसऱ्यावर उडी मारण्याबद्दल. दुसरा भाग जास्त रंगतदार आहे हे खरंच. डेव्हिड वॉर्नरच्या आवाजातला खलनायक आयरेनिकस ऐकण्यासारखा आहे. पण त्या भागाची सुरुवातच तुमचे जुने सोबती गमावण्यापासून होते. पहिला न खेळता ती नावं तुमच्यासाठी अनोळखी माणसांची असतील. आणि जाहेरा तुम्हाला तिसऱ्यात वयस्कर, अनुभवाने पोळलेली भेटली, मिन्स्कही तिथे भेटला. त्यांना ऐन उमेदीत भेटायची संधी का सोडायची?

पहिल्या दोन तासांत बरेच जण गेम बंद करतात, म्हणून थोडं तयारीचं सांगतो. इथे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या (जे तिसऱ्या भागात आहेत) नाही, दुसऱ्या आवृत्तीचे नियम आहेत. आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा, जितका खाली तितका चांगला. तुमचा थॅको (वार लागण्यासाठीचा आकडा) २० आणि समोरच्याचा आर्मर क्लास ५ असेल तर २० बाजूंच्या फाशावर किमान १५ पडायला हवेत, म्हणजे दहातले सात वार फुकट. सुरुवातीला सगळे सारखे चुकतात ते यामुळे, तुमचं काही बिघडलेलं नसतं. धनुष्यं घ्या, लांबून मारा.

पहिली खरी परीक्षा फ्रेंडली आर्म इन या सराईच्या पायऱ्यांवर होते. तिथे टार्नेश नावाचा जादूगार गोडीत तुमचं नाव विचारतो आणि लगेच मंत्र सुरू करतो. तो आधी स्वतःच्या प्रतिमा उभ्या करतो, मग 'हॉरर' टाकून तुमच्या सगळ्यांना पळवतो, आणि पळणाऱ्यांना एकेक करून टिपतो. बोलणं संपताच स्पेसबार दाबून गेम थांबवा. तुमची सोबतीण इमोएनकडे मॅजिक मिसाइलची कांडी असते, ती लगेच वापरायला लावा. बाकीच्यांचे बाण सुरू ठेवा. मंत्र म्हणताना जादूगाराला जखम झाली की मंत्र मोडतो. हे एकदा हाताला बसलं की दोन्ही भागांतल्या जादूगारांशी कसं लढायचं ते समजलंच म्हणा. आधी कुणी मेलं तर निराश होऊ नका, पहिल्या पातळीवर एका फटक्यात मरण येतंच. कथाच बघायची असेल तर 'स्टोरी मोड' आहे, तो वापरण्यात काहीही गैर नाही.

तिसऱ्या भागाची सवय असेल तर सोबत्यांचं मौन खटकेल. पहिल्या भागात ते फार कमी बोलतात. 'बीजी१ एनपीसी प्रोजेक्ट' हा मॉड टाकलात तर आपापसातली बोलणी, मैत्री, भांडणं येतात, आणि तो मूळ लिखाणाचा सूर सांभाळून केलेला आहे. मॉड खेळ सुरू करण्याआधीच टाका.

पहिला भाग संपल्यावर शेवटचा सेव्ह जपून ठेवा आणि दुसऱ्यात नवीन पात्र न बनवता तोच इम्पोर्ट करा. फ्रेंडली आर्म इनच्या वरच्या मजल्यावर एक उमराव तुम्हाला धोब्याचा माणूस समजून सोनेरी विजार हातात देतो. ती विकू नका, मुख्य पात्राजवळच ठेवा. ती दुसऱ्या भागात तुमच्यासोबत येते, तिथे रुपेरी मिळते, 'थ्रोन ऑफ भाल'मध्ये कांस्याची, आणि तिन्ही असतील तर त्यांचं एक भन्नाट चिलखत बनवून मिळतं.