अकरा शेंगदाणे

प्रश्न : माझे वय ५८ असून चार महिन्यांपूर्वी यजमानांची बायपास झाली. माझे माहेर विवेकवादी विचारांचे. सासरी देवघर असले तरी मी त्यापुढे कधी फारशी बसले नव्हते. शस्त्रक्रियेच्या रात्री मात्र रुग्णालयाच्या जिन्यात बसले असताना, लहानपणी शेजारच्या आजींकडे रोज कानावर पडलेली रामरक्षा आपोआप ओठांवर आली आणि तेव्हापासून ती सुटलेली नाही. आता रोज तिन्हीसांजेला वाटीत अकरा शेंगदाणे घेऊन बसते. एक आवर्तन झाले की एक दाणा बाजूला काढते. मध्येच फोन वाजला किंवा एखादा शब्द चुकला, तर ‘यांना काही होईल’ या धास्तीने पहिल्या दाण्यापासून पुन्हा सुरुवात करते. त्यापायी गेल्या आठवड्यात यांची रात्रीची गोळी द्यायला दोनदा उशीर झाला. मुलगी म्हणते, “गरज पडली तेव्हा बरा देव आठवला!” माझी भक्ती स्वार्थी आहे का? ती सोडून द्यावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मुलीच्या बोलण्याने तुम्ही खजील झाला आहात, तसे होण्याचे काहीच कारण नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत पहिले नाव ‘आर्ता’चे, म्हणजे संकटाने पोळलेल्याचे आहे. ज्ञानी भक्त सर्वांत प्रिय असे म्हणतानाही श्रीकृष्णाने चौघांना ‘उदार’च म्हटले आहे. १६३०च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकोबांचा व्यवहार बुडाला, बायको अन्न अन्न करीत गेली, आणि त्यानंतर मोडकळीस आलेले देऊळ उभारावेसे वाटले, हे त्यांनी स्वतःच एका अभंगात सांगून ठेवले आहे. गरज पडली तेव्हा देव आठवला, हा टोमणा मग त्यांनाही लागू करावा लागेल!

जिन्यातल्या त्या रात्री रामरक्षेने तुम्हाला सावरले, यात श्रद्धेइतकाच शरीराचाही वाटा असणार. लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलेल्या प्रयोगात २३ निरोगी माणसांनी जपमाळेवरील लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा मंत्र म्हटला, तेव्हा त्यांचा श्वास मिनिटाला साधारण सहांवर आला. तुमच्या रामरक्षेतले बहुतेक श्लोक अनुष्टुभातले आहेत आणि ते आठ-आठ अक्षरांचे चरण संथपणे म्हटले की श्वासही लांबतो. तेव्हा रामरक्षा सोडण्याचा प्रश्नच नाही.

मला काळजी वाटते ती त्या शेंगदाण्यांची. जिन्यात तुम्ही मोजत नव्हता; आता मोजता आहात, आणि चुकलेल्या एका शब्दावर यजमानांचे आयुष्य टांगून ठेवता आहात. ही भीती भक्तीची नाही. अशा वेळी मनाला धीर येण्याऐवजी त्याला रोज नवी परीक्षा द्यावी लागते, आणि पुन्हा सुरुवात केल्याने मिळणारा सुटकेचा क्षणच दुसऱ्या दिवशी भीती अधिक घट्ट करतो. मराठीत या विकाराला ‘मंत्रचळ’ असा नेमका शब्द आहे. तुम्हाला तोच झाला आहे असे मी पत्रावरून ठरवू शकत नाही. परंतु पुन्हा पुन्हा सुरुवात करणे थांबवता येत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. तिथे बोलल्याने श्रद्धेला उणेपणा येत नाही.

यजमानांच्या हृदयाचे म्हणाल, तर अमेरिकेत बायपास झालेल्या सुमारे १,८०० रुग्णांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला होता. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, अशा रुग्णांमधील गुंतागुंतीचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना पक्के ठाऊक होते, त्यांच्यात तर ते थोडे जास्तच होते. ईश्वर आहे की नाही, याचा निवाडा असल्या अभ्यासाने होत नाही. पण आवर्तनांचा आकडा आणि प्रकृती यांचा हिशेब जुळत नाही, एवढे त्यातून घेता येईल. रात्रीच्या गोळीचा हिशेब मात्र अगदी रोखठोक आहे. ती डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच गेली पाहिजे, मग त्या वेळी रामरक्षेचा कुठलाही श्लोक चालू असो.

नामाला काळवेळ नाही, असे ज्ञानदेवांनी हरिपाठात म्हटले आहे, त्याचा आधार घ्या. आजपासून वाटी घेऊ नका. आधी गोळी द्या, मग यजमानांशेजारीच बसून एकदाच, मोठ्याने म्हणा. शब्द चुकला तर तसेच पुढे जा. पहिल्या काही दिवशी छातीत धडधडेल, तरीही मागे फिरू नका. चार महिने ते पलीकडच्या खोलीतून रामरक्षा ऐकत आहेत, तेव्हा चुकलेला शब्द कदाचित तेच सांगतील.