पस्तिशीत, खेड्यात राहून, शिकवणारं कोणी नसताना गिटार शिकता येते का?

तीन महिने झाले, बोटं दुखतात, एफ कॉर्ड (पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून एकत्र वाजवायचे सूर) लागत नाही, गावात विचारायला कोणी नाही, गिटार विकून टाकू का असं विचारलंय तुम्ही. विकू नका भाऊ. आधी पोराच्या कंपासमधली पट्टी घ्या अन् बाराव्या फ्रेटच्या (गिटारच्या मानेवर ज्या आडव्या धातूच्या काड्या असतात ते फ्रेट) धातूपासून जाडी तार किती वर आहे ते मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असली तर ठीक, तीनच्या बरीच वर गेली तर दोष तुमच्या बोटांचा नाही. माझी चारच्या वर होती अन् सहा महिने मला हे माहीतच नव्हतं, मी आपला समजत राहिलो की हे आपल्यासारख्याचं काम नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, घरी पऱ्हाटी अन् तूर. 34 व्या वर्षी नागपूरला बर्डीवरून साडेतीन हजाराची गिटार आणली. डवरा धरून धरून तळहाताला घट्टे पडलेले, त्यामुळे बोटं दुखायचं आपल्याला काय, असा माज होता, पण ते घट्टे तळव्यावर असतात अन् गिटारला लागतात डाव्या हाताच्या बोटांच्या टोकावर. त्यात वेचणीचे दिवस, बोंडाच्या टोकांनी बोटं आधीच सोललेली अन् संध्याकाळी त्याच्यावर स्टीलची तार. माय म्हणे, "कापूस वेचताना त हात दुखते म्हनतं, अन् ह्या डब्ब्यावर बरे चालते तुये बोटं!" उपाय काही मोठा नाही, रोज वीस मिनिटं, दुखलं की बंद, तीन-चार आठवड्यांत टोकं कडक होतात. फक्त आंघोळीनंतर लगेच बसू नका, ओली कातडी लवकर सोलते. अन् दुकानात तारांचा दहाचा सेट मागा (आकडा सगळ्यात बारीक तारेच्या जाडीचा), बाराच्या तारांपेक्षा दाबायला बराच नरम जातो.

तार खाली आणायचं काम माझ्या गिटारवर आमच्या गावच्या सुतारकाकांनी केलं. ब्रिजवर, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा जिथं अडकवतात त्या लाकडावर, जी पांढरी पट्टी असते ती काढून खालच्या बाजूनं पॉलिश पेपरवर घासायची. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी पाहिजे तर पट्टी दोन मिलिमीटर घासावी लागते, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यात येतो. थोडं घासा, लावून पाहा, परत घासा, जास्त गेलं तर तारा खडखडतात अन् मग नवीन पट्टीच घ्यावी लागते. पण त्याच्या आधी मान वाकली का ते पाहा, मान वाकली असेल तर पट्टी घासून उपयोग नाही.

अन् आपल्याकडचा उन्हाळा! मे महिन्यात मी गिटार टिनाच्या खोलीत खुंटीला टांगून ठेवली अन् लग्नाला गेलो, आलो तर ब्रिज मागून उचललेला. सहा तारा मिळून साठेक किलोचा ताण असतो, गरमीनं डिंक ढिला झाला की ताण आपलं काम करतो. मग शहाणा होऊन कूलरसमोर ठेवली तर दमट हवेनं लाकूड फुगून तारा पुन्हा वर! आता आतल्या मातीच्या खोलीत भिंतीपासून दूर, पिशवीत असते, चार दिवस गावाला जायचं असलं तर तारा थोड्या सैल करून जातो.

एफचं म्हणाल तर मी त्याच्यावर अख्खा पावसाळा घालवला, तुम्ही घालवू नका. वरच्या दोन जाड्या तारा सोडून खालच्या चारच वाजवा, पहिलं बोट फक्त दोन बारीक तारांवर आडवं पडतं, गाणं अडत नाही.

पण मला खरं शिकवलं ते मोबाईलनं नाही. वर्षभर मी खोलीत एकटाच व्हिडिओ पाहून टुणटुण करत होतो, कॉर्ड पंधरा येत होते अन् गाणं एकही पूर्ण येत नव्हतं. आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळ आहे, तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर होतात, एक दिवस पेटीवाले काका म्हणाले, "आन त्याले इकडं, पाहू काय वाजते त." गेलो अन् पहिल्याच भजनात भंबेरी, कारण काका म्हणाले काळी एक, अन् मला सी, डी, जी शिवाय भाषाच येत नव्हती. घरी येऊन पेटीच्या पट्ट्या अन् गिटारचे सूर वहीत समोरासमोर लिहिले. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प. मग चौथ्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ए, डी, ई वाजवलं की गाडी थेट काळी एकमध्ये, एफ पाहिजेच नाही! केरव्याच्या आठ मात्रा मोबाईलवर शिकलेल्या चारच्या स्ट्रमिंगमध्ये (तारांवर हात फिरवायच्या ठेक्यात) बसतात, दादऱ्याला सहाचं स्ट्रमिंग वेगळं बसवावं लागलं.

एक चूक मात्र लय दिवस केली. भैरवीतल्या भजनाला मी बिनधास्त मेजर कॉर्ड ठोकत होतो. भैरवीत गंधार कोमल, माझ्या कॉर्डमध्ये शुद्ध, गाणारे मुरडून पाहायचे अन् मला वाटायचं कौतुकानं पाहतात. आता तिथं फक्त सा अन् प च्या तारा धरतो, तंबोऱ्यासारखं. खंजिरीवाला म्हणाला, आता कमी वाजवतं म्हणून चांगलं वाजवतं.

तुमच्या गावात भजनी मंडळ असेलच, पेटीवाल्याला जाऊन भेटा, पट्टी कोणती घेतात तेवढं विचारा. अन् ते बाराव्या फ्रेटचं माप आधी घ्या, आकडा सांगा, मग पाहू विकायची की घासायची.