ली-एनफील्ड रायफलचे सुटे होणारे मॅगझीन कितपत उपयुक्त मानावे?

मॅगझीन, म्हणजे काडतुसे ठेवण्याची पेटी, सुटे होते, एवढ्यावरून ते वारंवार बदलण्यासाठी केले आहे असे समजू नये. ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलचे १० काडतुसांचे मॅगझीन खटका दाबून निघते खरे, परंतु सैनिक बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता दांडा) मागे ओढून ते वरूनच ५-५ काडतुसांच्या क्लिपांनी भरत. सुरुवातीच्या नमुन्यांत तर ते रायफलला चक्क साखळीने जोडलेले असे.

तपासताना प्रथम काडतूस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या वरच्या कडा पाहाव्यात, कारण त्या किंचित वाकल्या तरी काडतूस चुकीच्या कोनात पुढे सरकते आणि बोल्ट अडतो. ली-एनफील्डच्या .३०३ काडतुसाच्या बुडाची कड बाजूने बाहेर आलेली असते. वरच्या काडतुसाची ही कड खालच्याच्या कडेमागे गेली तरीही हेच घडते, म्हणून दोष मॅगझीनच्या माथी मारण्यापूर्वी ते कसे भरले होते हे विचारावे. भारतातील इशापूर कारखान्याच्या ७.६२ मिमी '२ए१' रायफलीत, जिचे मॅगझीन १२ काडतुसांचे असते, हा प्रश्न उद्भवत नाही, कारण त्या काडतुसाच्या बुडाची कड बाहेर आलेली नसते.

दुसऱ्या रायफलीचे मॅगझीन नीट बसेलच असे नाही. ते पुष्कळदा जुळवून घ्यावे लागते, आणि ही चाचणी निष्क्रिय सराव-काडतुसांनीच करावी.