वाचकांचे प्रश्न : ‘काही अडचण नाही सर’ म्हणणाऱ्यांना बोलतं कसं करायचं?

प्रश्न : गडचिरोली जिल्ह्यातल्या महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. बी.ए.ला सहा दिव्यांग विद्यार्थी आहेत. शिकवण्यात काय बदलावं हे त्यांनाच विचारायला प्राचार्यांच्या कक्षात सभा घेतली. ‘काही अडचण नाही सर’ यापलीकडे कुणी बोललं नाही. पुढे काय करावं?

उत्तर : त्या खोलीत ‘अडचण काय’ विचारणं म्हणजे मास्तरांची तक्रार मास्तरांसमोर करायला सांगणं. एकेकाला वीस मिनिटं वेगळं भेटा, तेही कॉलेजच्या वेळेत. शेवटच्या तासानंतर त्यांचं लक्ष एसटीकडे असतं. ‘मागच्या आठवड्यात कोणत्या तासाला काय सुटलं?’ एवढंच विचारा.

बोलण्यापेक्षा करून पाहण्यातून जास्त कळतं. अंध विद्यार्थ्याला तुमच्याच नोट्सची पीडीएफ त्याच्या मोबाइलवर टॉकबॅक (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय) लावून उघडायला सांगा आणि शेजारी बसून ऐका. पानांचे फोटो काढून फाइल केली असेल, तर मजकूर वाचलाच जाणार नाही. कृतीदेव या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं असेल, तर ‘भारत’ या शब्दाच्या जागी ‘एच के के जे आर’ अशी रोमन अक्षरं ऐकू येतील, कारण त्या फॉन्टखाली खरी अक्षरं रोमनच असतात. नुसता फॉन्ट बदलून भागत नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत, रूपांतरित करून वर्ड फाइल द्या. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, म्हणून एकदा वाचून घ्या. मग तीच फाइल त्याच विद्यार्थ्याकडून पुन्हा तपासून घ्या.

कमी ऐकू येणाऱ्या मुलीला विचारलं, तर बहुधा कूलरचं नाव निघेल. श्रवणयंत्र शिक्षकाच्या आवाजाबरोबर कूलरची घरघरही मोठी करतं. ती कुठे बसली की नीट ऐकू येतं, हे वर्ग रिकामा असताना कूलर चालू ठेवून तिच्यासोबतच तपासा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका.

आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विसरून चालणार नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत तो आहे, पण चेहऱ्यावरून कळत नाही. लग्न अडेल या भीतीने मुली तो लपवतात, त्यामुळे वर्गात हात वर करायला कधीच सांगू नका. पाण्याची बाटली जवळ ठेवणं आणि न विचारता बाहेर जाणं सगळ्याच वर्गाला मोकळं करा. शरीरात पाणी कमी पडलं की दुखणं उसळू शकतं. बुडालेल्या तासांच्या नोट्स मागाव्या लागू नयेत.

एकाच चुणचुणीत मुलाला सगळ्यांचा प्रतिनिधी करू नका. कुबड्या वापरणाऱ्याला टॉकबॅकचं काय ठाऊक? तपासणी हे काम आहे. तुमच्याकडे ‘कमवा आणि शिका’ योजना असेल, तर तिच्यात हे तास बसवून मोबदला द्या. पंधरा दिवसांत काय झालं आणि काय का झालं नाही, हे त्यांना सांगा. इथेच बहुतेक कॉलेजं चुकतात. सांगितलेल्याचं काही होत नाही असं दिसलं, की पुढच्या वेळी पुन्हा ‘काही अडचण नाही सर’.

प्रश्न : मला 40 टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व आहे. परीक्षेत लेखनिक (उत्तरं लिहून देणारा) न घेता जादा वेळ मिळतो का? (विद्यार्थिनी, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : मिळू शकतो. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत तीन तासांच्या पेपरला किमान एक तास जादा देण्याची तरतूद आहे. परीक्षा अर्जासोबतच प्रमाणपत्र जोडून लेखी मागणी करा आणि पोच घ्या. पेपरच्या सकाळी तोंडी सांगितलं, तर केंद्रप्रमुखांकडे आदेशच नसतो.