न्यू जर्सीत अडकलेल्या आई-बाबांना २०२०च्या या उन्हाळ्यात कुठे नेऊ आणि काय दाखवू?

तुम्ही लिहिलंय की सासू-सासरे भारतातून आले आणि करोनामुळे २०२०च्या मार्चपासून इथेच अडकलेत, थिएटरं बंद, देवळं बंद, दोघं दिवसभर मराठी बातम्या लावून बसतात आणि घरातलं वातावरण जड झालंय. आमच्याकडे तंतोतंत हीच गत आहे म्हणून लिहायला बसले. माझे आई-बाबा फेब्रुवारीत चिपळूणहून आले, एप्रिलअखेरचं परतीचं तिकीट होतं, ते रद्द झालं. मुक्काम वाढवायचा फॉर्म भरलाय, अडकलेल्यांना घरी नेणाऱ्या वंदे भारत मोहिमेच्या विमानासाठी नाव दिलंय, बघू.

पहिले दोन महिने आम्हीही कुठे नेलं नाही, भीतीच वाटायची. शिवाय ७ एप्रिलला गव्हर्नरने स्टेट पार्क आणि काउंटी पार्क बंदच केले होते, ते २ मेला उघडले, ते पण पार्किंग निम्मंच. पण खरं सांगू का, माझे डोळे उघडले ते ३ जूनला. निसर्ग वादळ आलं त्या दिवशी बाबा पहाटेपासून दापोलीला मावशीकडे फोन लावत होते, लागत नव्हता, दोन दिवसांनी लागला तेव्हा कळलं की पोफळीची बाग आडवी झालीये. बाबांनी फोन ठेवला आणि मागच्या दारी डेकवर जाऊन नुसते उभे राहिले. तेव्हा नवऱ्याला म्हटलं, यांना रोज सकाळी घराबाहेर काढायचं, मग लांब जायची गरज नाही, पण रोज.

तर सगळ्यात आधी कालवा. सेंट्रल जर्सीत असाल तर डेलावेअर-रॅरिटन कालवा तुमच्यापासून वीस-पंचवीस मिनिटांच्या पलीकडे नसणार. काठाने सपाट बारीक खडीचा रस्ता आहे, चढ नाही, पायऱ्या नाहीत, गुडघे दुखणाऱ्या माणसालाही जमतं. आम्ही ग्रिग्सटाउनला जातो, कधी ब्लॅकवेल्स मिल्सला, कधी किंगस्टनला. सकाळी सातला पोचायचं, नऊपर्यंत परत, त्यानंतर दमट उकाडा सुरू होतो आणि गर्दी पण. ओंडक्यावर ओळीने कासवं ऊन खात बसलेली असतात, करड्या निळ्या रंगाचा मोठा बगळा असतो, आईला आता तो ओळखीचा झालाय. घडीची खुर्ची गाडीत ठेवाच, मध्ये बसायला लागतं.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यामुळे त्यांना हा कालवा दाखवणं म्हणजे काय झालं असेल बघा. किंगस्टनच्या लॉकच्या, म्हणजे पाण्याची पातळी वरखाली करून बोट पुढे न्यायच्या दारांच्या हौदाच्या, दगडी भिंतींपाशी अर्धा तास उभे, बोटी कशा चढवत-उतरवत असतील ते माझ्या लेकीला हाताने करून दाखवत होते. मुख्य कालवा बॉर्डेनटाउन ते न्यू ब्रन्सविक ४४ मैल, १८३० ते १८३४ मध्ये खणला, खेचरं काठावरून चालत बोटी ओढायची, आपण चालतो तो त्या खेचरांचाच रस्ता. आणि खणला तो बहुतेक आयरिश मजुरांनी, कुदळ-फावड्याने, १८३२ला कॉलऱ्याची साथ आली त्यात त्यातले कितीतरी मजूर गेले. हे मी वाचून दाखवलं तर बाबा एकच शब्द बोलले, पटकी, कॉलऱ्याचं आपलं जुनं नाव. मग आई तिच्या आजीने सांगितलेल्या गोष्टी सांगायला लागली, मरीआईचा गाडा गावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडायचे, घराघरातून नैवेद्य जायचा, गाड्याकडे वळून बघायचं नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा आमच्याकडे साथीवर बोलणं झालं आणि त्यात आजचा आकडा किती हे कोणी विचारलं नाही. तिथून निघताना बाबा म्हणाले उद्या पुढच्या लॉकला जाऊ.

दोन गोष्टी सांभाळा. गवतात शिरू देऊ नका, हरणांच्या अंगावरच्या बारीक गोचिडी असतात इथे आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो, घरी आल्यावर मोजे आणि गुडघ्यामागची जागा बघायची, साडी असेल तर निऱ्या पण झटकायच्या. दुसरं म्हणजे बाथरूम. २०२०च्या या उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी कुलूपच होतं, सत्तरीच्या माणसाला घेऊन जाताना हे आधी बघितलं नाही तर ते पुढच्या वेळी येत नाहीत, आणि न येण्याचं कारणही सांगत नाहीत.

समुद्र म्हणाल तर सँडी हुक. वीकेंडला अजिबात नको, दुपारच्या आधीच पार्किंग भरतं आणि मग गाड्या आत सोडत नाहीत, मधल्या वारी सकाळी लवकर जा किंवा संध्याकाळी पाचनंतर. तिथला दीपगृह १७६४चा आहे, अजून चालू आहे, अमेरिकेतला सगळ्यात जुना चालू दीपगृह. समोर पाण्यापलीकडे मॅनहॅटनच्या इमारती दिसतात. पण आम्हाला लक्षात राहिली ती खाडीकडची बाजू. जूनमध्ये गेलो तर वाळूवर हॉर्सशू क्रॅब आलेले, परातीएवढे, पाठीवर तपकिरी ढाल आणि मागे टोकदार शेपूट, दोन-तीन उलटे पडून पाय हलवत होते. आई समुद्राकाठची, पण असला खेकडा तिने जन्मात बघितला नव्हता. तो खेकडा नाहीच म्हणे, कोळ्याच्या जवळचा, डायनॉसोरच्याही आधीपासून असाच आहे. लेकीने शाळेत शिकलं होतं की शेपटीला धरायचं नाही, ढालीच्या दोन्ही कडांना धरून सुलटा करायचा. तिने एक केला, दुसरा आईने केला, पदर खोचून, ओल्या वाळूत गुडघे टेकून, आणि तो पाण्याकडे सरकत सरकत गेला तसा आईने हात जोडले. मग मी सांगितलं की याचं रक्त निळं असतं आणि टोचायच्या औषधांत, लसींत जंतूंचं विष राहिलंय का ते त्या रक्तापासून केलेल्या टेस्टने बघतात, म्हणजे करोनाची लस निघेल तेव्हा ती पण यांच्यामुळेच तपासली जाईल. आई म्हणाली, मग मी बरोबर माणसाला नमस्कार केला. आता ते दिसायचे नाहीत, मे-जूनमध्ये पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला अंडी घालायला येतात, पण सासूबाई पुढच्या वर्षीही इथे असतील तर नक्की न्या.

फळं तोडायला न्यायचं तर जुलैअखेरीला पीच असतात, ब्लूबेरी संपत आलेल्या असतात पण फोन करून विचारा. ही शेतातली ब्लूबेरी मूळची न्यू जर्सीचीच, व्हाइट्सबॉग इथे एलिझाबेथ व्हाइट नावाच्या बाईंनी शास्त्रज्ञाच्या मदतीने रानातल्या झुडपांपासून तयार केली, पहिलं पीक १९१६ला विकलं. आम्ही जुलैच्या सुरुवातीला गेलो, मास्क लावून, दोन ओळींत अंतर ठेवून सोडत होते. आई-बाबा दोघंही गप्प होऊन तोडत होते, मग बाबा म्हणाले करवंदं काढल्यासारखं वाटतंय पण हाताला काटा लागत नाहीये. आईने द्रोण करायला पान शोधलं. २०२०ला भारतातून हापूस आलाच नाही ना, त्याची रुखरुख दोघांना होतीच, ती त्या दिवशी थोडी कमी झाली. तीन पौंडांचा आईने मुरांबा घातला, वेलची घालून, छान लागतो, करून बघा.

आता सिनेमा. २०२०च्या उन्हाळ्यात थिएटरं बंद होती तरी ड्राइव्ह-इन, म्हणजे उघड्यावर गाडीत बसूनच बघायचे सिनेमे, चालू होते, सासऱ्यांना एकदा तरी न्याच. ड्राइव्ह-इनचा जन्म आपल्याच राज्यातला, कॅम्डनजवळ, ६ जून १९३३. रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या माणसाने आधी घरासमोर गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवून झाडांना चादर ठोकून करून बघितलं आणि मग धंदा काढला, मोटारीचे २५ सेंट आणि माणशी २५ सेंट. पुढे सगळे बंद पडले, आता कायमचा असा एकच उरलाय, व्हाइनलँडचा डेल्सी, एडिसनपासून दीड तास. पण २०२०ला ठिकठिकाणी पार्किंग लॉटमध्ये तात्पुरते पडदे लावले होते, टाउनच्या पेजवर बघत राहा, तिकीट दर गाडीमागे असतं, सीनियर सोबत असले तर जवळचंच निवडा कारण जूनमध्ये अंधारच पावणेनऊ-नऊला पडतो आणि संपायला साडेअकरा होतात.

आम्ही ‘जुरासिक पार्क’ला गेलो. १९९३चा सिनेमा, पण ड्राइव्ह-इनमुळे २०२०च्या जूनमध्ये अमेरिकेत एका वीकेंडला पुन्हा पहिल्या नंबरवर होता. रेडिओवर एफएम लावला की आवाज गाडीतच येतो. बाबांना इंग्लिश फार झेपत नाही पण डायनॉसोरला भाषा लागत नाही, आणि मध्ये त्यांनी काच खाली केली आणि म्हणाले आपला तंबूतला सिनेमा. मग घरी येईपर्यंत तेच, जत्रेत टुरिंग टॉकीज यायची, वाळूत बसायचं, पडद्याच्या मागच्या बाजूनेही लोक बसायचे, त्यांना सगळं उलटं दिसायचं तरी कोणी उठायचं नाही. माझ्या लेकीला हे काहीच माहीत नव्हतं, मलाही अर्धंच माहीत होतं. एक सांगते, रेडिओ अडीच तास चालू राहून आमची बॅटरी उतरली, तिथल्या पोरांकडे जंप स्टार्टर होता म्हणून निभावलं, तुम्ही सेलवरचा छोटा रेडिओ घेऊन जा.

त्या रात्रीनंतर आम्ही बॅकयार्डमध्ये पांढरी चादर बांधली, नव्वद डॉलरचा प्रोजेक्टर आणला, दर शनिवारी एक सिनेमा, एकच. रोज लावला की त्याचं बातम्यांसारखं होतं, कोणी बघत नाही. शनिवारचा म्हटला की बुधवारपासून चर्चा असते आणि सोमवारपर्यंत पुरतो. अंधार पडेपर्यंत गवतावर काजवे चमकत असतात, आई त्यांच्यासाठीच लवकर खुर्ची टाकते.

काय दाखवावं याबद्दल माझं मत पक्कं आहे. साथीचे, हॉस्पिटलचे सिनेमे अजिबात नकोत, कितीही चांगले असले तरी. पहिला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावा, परेश मोकाशींचा, दादासाहेब फाळक्यांनी १९१३चा पहिला सिनेमा कसा केला त्याची गोष्ट, पोरांनाही कळतो, म्हाताऱ्यांनाही, आणि चादरीवर बघताना त्याची मजा वेगळीच येते. मग ‘द लंचबॉक्स’, २०२०च्या एप्रिलच्या शेवटी इरफान गेला तेव्हा आम्ही तो बघितला, आई नंतर किती वेळ बाबांच्या ऑफिसच्या डब्याबद्दल बोलत होती, कोणती भाजी परत यायची ते तिला चाळीस वर्षांनी पाठ आहे. ‘गुलाबो सिताबो’ २०२०च्या जूनमध्ये थेट प्राइमवर आला, मला आवडला, बाबांना फार संथ वाटला, तुम्ही ठरवा. आणि माणसं कोकणातली असतील तर ‘किल्ला’, अविनाश अरुणचा, आईची कोकणात बदली होते आणि मुलाला नव्या गावात रुळायचं असतं, बर्लिनला मुलांच्या ज्यूरीने त्याला क्रिस्टल बेअर दिलं होतं. पण तो जपून दाखवा. त्यात समुद्र आहे, पाऊस आहे, आमच्याकडे दोघंही रडले. मला वाटलं चुकलं आपलं, पण बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी उठून स्वतः म्हणाले की बरं वाटलं, घरचा पाऊस बघून आलो. त्या दिवशी त्यांनी बातम्या दुपारपर्यंत लावल्या नाहीत.

रात्रीची एक फेरी पण करा. २०२०च्या जुलैत निओवाइज धूमकेतू दिसायचा, सूर्य मावळल्यावर तासाभराने वायव्येला, सप्तर्षींच्या खाली, महिनाअखेरीला पुसट होत गेला, दुर्बीण लागायची. आम्ही शाळेच्या ग्राउंडवरून बघितला, पुढचा फेरा अंदाजे ६,८०० वर्षांनी, बाबांनी लेकीला तीनदा दाखवला. तो चुकला तरी दर वर्षी १२ ऑगस्टच्या आसपास उल्का पडतात, २०२०ला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवणार होता, त्यामुळे दहा ते बारा हीच वेळ होती. चटई घ्या, डासांचा स्प्रे घ्या, सासूबाईंना शाल घ्या, दव पडतं.

टाउनचं नाव लिहिलंत तर कालव्याचं सगळ्यात जवळचं पार्किंग कोणतं आणि तिथे बाथरूम उघडं आहे की नाही ते सांगते, बाबांनी वहीत बरेच लॉक लिहून ठेवलेत.